संगणकाचा प्रारंभकाळ

संगणकाचा प्रारंभकाळ म्हणजे कळ दाबल्यापासून संगणक वापरण्यास सज्ज होईपर्यंत लागणारा वेळ होय. या प्रक्रियेस संगणक ‘बूट होणे’ असेही म्हणतात. घरगुती संगणक जुना होत जातो, तसतसा हा काळ वाढतो व संगणक निकामी झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा प्रोसेसर मंदावलेला नसतो. विलंबाचे मूळ हार्ड डिस्कमध्ये आणि आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावलींमध्ये असते. म्हणून नवा संगणक घेण्यापूर्वी विलंबाचे कारण शोधणे हिताचे ठरते.

प्रारंभाचे टप्पे

वीज मिळताच मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली मूलभूत आज्ञावली कार्यान्वित होते. जुन्या संगणकांत तिला बायोस, तर नव्या संगणकांत यूईएफआय म्हणतात. ती रॅम, कळफलक इत्यादी भाग तपासते आणि डिस्कवरील बूट लोडरकडे सूत्रे सोपवते. बूट लोडर संचालन प्रणालीचा गाभा रॅममध्ये आणतो. त्यानंतर ड्रायव्हर व विविध सेवा सुरू होतात. वापरकर्त्याने पासवर्ड दिल्यावर इतर आज्ञावली सुरू होतात. डेस्कटॉप दिसू लागला तरी हा अखेरचा टप्पा काही काळ चालूच असतो.

विलंबाची कारणे

जुन्या संगणकांतील हार्ड डिस्कची तबकडी सामान्यतः मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. हवी ती माहिती वाचण्यासाठी वाचकशीर्षाला योग्य जागी पोहोचावे लागते व त्यास सरासरी एक शतांश सेकंद किंवा थोडा अधिक वेळ लागतो. प्रारंभकाळी डिस्कवर विखुरलेल्या असंख्य लहान फाइल वाचाव्या लागत असल्याने हे क्षण साठत जातात. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. त्यामुळे तीच माहिती सुमारे शंभरपट कमी वेळात हाती येते.

नव्याने बसवलेल्या अनेक आज्ञावली स्वतःला प्रारंभाच्या यादीत घालून घेतात. रॅम अपुरी पडल्यास संचालन प्रणाली डिस्कचा काही भाग स्मृतीसारखा वापरते व आधीच मंद असलेल्या डिस्कवरील भार आणखी वाढतो.

निदान

विलंब कोणत्या टप्प्यावर होतो, यावरून कारण कळते. निर्मात्याचे बोधचिन्ह दीर्घकाळ दिसत राहिल्यास जोडलेले पेन ड्राइव्ह व बाह्य डिस्क काढून पाहावे. दर वेळी घड्याळ चुकत असेल, तर मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपलेली असू शकते. पासवर्डनंतर विलंब होत असल्यास प्रारंभाची यादी तपासावी. विंडोज ८ व त्यापुढील आवृत्त्यांत ती टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ विभागात, तर विंडोज ७ मध्ये ‘एमएसकॉन्फिग’मध्ये आढळते.

उपाय

अनावश्यक आज्ञावली प्रारंभाच्या यादीतून बंद करणे हा विनाखर्च उपाय होय. विषाणूरोधक आज्ञावली मात्र बंद करू नये. हार्ड डिस्कवर काही जागा मोकळी ठेवावी व विखुरलेल्या फाइल एकत्र आणण्यासाठी डीफ्रॅगमेंटेशन करावे. एसएसडीला त्याची गरज नसते. उलट वारंवार लेखनाने ती झिजते.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. साटा जोडणी असलेल्या बहुतेक जुन्या संगणकांत अडीच इंची एसएसडी चालते. रॅम वाढवल्याने प्रामुख्याने पुढील कामकाज सुधारते. प्रारंभकाळ तुलनेने कमी घटतो.

गैरसमज

रजिस्ट्री साफ करणाऱ्या आज्ञावलींमुळे प्रारंभकाळात लक्षणीय फरक पडत नाही. क्वचित संचालन प्रणाली बिघडण्याचा धोका मात्र असतो. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये प्रोसेसरची संख्या निवडल्याने वेग वाढतो, हाही गैरसमज आहे. ती सोय चाचणीसाठी प्रोसेसरची संख्या मर्यादित करण्याकरिता आहे. एरवी सर्व प्रोसेसर आपोआप वापरले जातात.

दक्षता

प्रारंभ अचानक मंदावणे, डिस्कमधून टकटक आवाज येणे किंवा फाइल न उघडणे ही डिस्क निकामी होत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी डीफ्रॅगमेंटेशन न करता छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत प्रथम अन्यत्र काढून ठेवावी. डिस्क बदलता येते. तिच्यावरील माहिती परत मिळेलच, असे नाही.

विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ च्या अटी पूर्ण न करणाऱ्या संगणकांवर लुबंटूसारखी हलकी लिनक्स प्रणाली वापरता येते.