काटेरी गोळ्याचे दार

आपल्या खानदेशचा काळा पाषाण लाव्ह्याचा; म्हणून आजच्या कथेतील जीवाश्मांसाठी युरोपातील चकमकीच्या दगडाकडे वळावे लागते. १८३० च्या दशकात बर्लिनच्या एरेनबर्गला त्या दगडात, सूक्ष्मदर्शकाखाली, इवलेसे काटेरी गोळे दिसले. गोड्या पाण्यातील एका शेवाळाशी रूप जुळले, म्हणून त्याने त्यांना त्याच शेवाळाचे नाव दिले. १९३३ मध्ये ओटो वेट्झेलने साळिंदराच्या नावाने त्यांचे निराळे कुल मांडले. दोघांचीही नजर काट्यांवरच अडली.

१९६१ मध्ये अमेरिकेतील विल्यम एव्हिट यांनी काटे कोठे उगवतात ते पाहिले. डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशी जीवांपैकी पुष्कळांच्या कवचाला तबकड्या असतात. अनेक गोळ्यांवरील काटे त्याच तबकड्यांना धरून होते. गोळ्याला भोक होते, पण ते फुटल्याचे नव्हे. नेमके तबकडीच्या आकाराचे दार! सरकी रुजली की टरफल मागे राहते, तसा आतला जीव निघून गेल्यावर उरलेला हा कोष. तेव्हापासून वर्गीकरणात दाराला आणि तबकड्यांच्या मांडणीला मान मिळाला. ज्यांचे मूळ कळेना, त्यांना एव्हिट यांनी १९६३ मध्ये ‘ॲक्रिटार्क’ हा वेगळा रकाना दिला. ओढूनताणून कुळात घेतले नाही.

आम्ही गिरणी-कामगारांत वावरलो. हजेरीपटावर नुसते ‘बदली’ लिहिलेल्या माणसाचे कसब कोणी विचारीत नसे. आज खडकाचे वय आणि तेलविहिरीतील थर ठरविताना हे कोष साक्षीला येतात. साक्षीदाराची ओळख आधी पटवावी लागते. ती पटण्यास येथे सव्वाशे वर्षे लागली.