कथाफलक आणि कालरेषा

घटनाक्रम दृश्यरूपात मांडण्याच्या दोन पद्धती : कथाफलकात (स्टोरीबोर्ड) प्रसंग चित्रचौकटींतून उलगडतो, कालरेषेत (टाइमलाइन) घटना काळाच्या प्रमाणपट्टीवर बसतात.

उगम : जोसेफ प्रीस्टलीचा १७६५ चा चरित्रतक्ता हा कालरेषेचा प्रसिद्ध प्रारंभिक नमुना. कथाफलकाची आजची रीत १९३० च्या दशकात डिस्ने स्टुडिओत रुळली. सुटी चित्रे क्रमाने दाखवत आख्यान सांगण्याची प्रथा महाराष्ट्रात त्याआधीची असून पिंगुळीच्या (जि. सिंधुदुर्ग) ठाकर कलावंतांनी ती जपली (पहा : चित्रकथी); अशा चित्रांच्या एका शैलीला मराठवाड्यातील पैठणचे नाव आहे.

वैशिष्ट्ये : कालरेषेत अंतरालाही अर्थ असतो. नांदेडच्या कालरेषेवर गुरू गोविंदसिंगांचे देहावसान (१७०८) आणि महाराजा रणजितसिंगांच्या काळातील गुरुद्वाऱ्याचे बांधकाम (१८३० चे दशक) यांमधील शतकाहून मोठी मोकळी जागा दिसलीच पाहिजे (पहा : सचखंड हुजूर साहिब). कथाफलक मात्र काळ ताणतो किंवा गाळतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वा. ५६ मिनिटांनी झालेला किल्लारीचा भूकंप कालरेषेवर केवळ एक बिंदू होय. कथाफलकात त्या काही सेकंदांना अनेक चौकटी लागतील, तर पुनर्वसनाची वर्षे दोन चौकटींमधल्या फटीत मावतील (पहा : लातूर भूकंप). चौकटीत दृश्यकोन, हालचाल, संवाद व ध्वनीच्या टिपा असतात. घटनेचे कारण तिथे दिसते, कालरेषेवर ते वाचकाने जोडायचे.

महत्त्व : चित्रपटात कथाफलक सहसा चित्रीकरणापूर्वी तयार होतो. संकलन-सॉफ्टवेअरमधील टाइमलाइनवर नंतर दृश्य व ध्वनीचे तुकडे जुळवले जातात. तिची पट्टी मात्र पडद्यावरील वेळ मोजते, इतिहासातील नव्हे (पहा : चित्रपट-संकलन).