जुन्या गाडीची बखर

पेठ हे तसे आडवळणाचे गाव. एके काळी ते एका चिमुकल्या संस्थानाचे ठाणे होते. 1878 साली येथील बेगम निवर्तल्या आणि इंग्रजांनी संस्थान खालसा करून नाशिक जिल्ह्यात सामावून घेतले. संस्थान गेले, घाट मात्र राहिले. नाशिकहून पेठेस यावयाचे तर सावळ घाट आणि कोटंबीचा घाट ओलांडल्याखेरीज आजही गत्यंतर नाही.

गेल्या वर्षी आषाढातल्या एका रात्री माझ्या आईच्या छातीत कळ आली. बाहेर पाऊस असा कोसळत होता की, अंगणातले तुळशीवृंदावनही दिसेना. शेजाऱ्यांची जीप दुसऱ्या गावी गेलेली. ती परत येईपर्यंत दीड तास गेला. तो दीड तास मी घड्याळाकडे पाहण्यात घालवला. आई वाचली. पण डॉक्टरांनी बजावले, की दर महिन्याला नाशिकला आणावे लागेल, आणि पुन्हा कळ आली तर वेळ दवडू नका. त्याच रात्री मी ठरवले, दाराशी गाडी हवी.

शिक्षकाने ठरवले म्हणजे गाडी येत नाही. शिल्लक होती दोन लाखांची. कादंबऱ्यांच्या मानधनात तर गाडीचे एक चाकही आले नसते. तेव्हा घ्यावयाची ती जुनीच, आणि लहान, मागे दार असलेली, जिला हॅचबॅक म्हणतात ती. इतिहासाची थोडी गोडी असल्याने मी आधी गाड्यांचा इतिहासच चाळू लागलो. वाचकहो, त्यात मला जे गवसले ते गाडी घेताना फार उपयोगी पडले.

आपल्या महाराष्ट्रात मोटार आली ती मुंबईच्या धनिकांसाठी. 1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत परदेशी भागांची जुळणी करणारा कारखाना काढला. 1944 साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर कंपनी स्थापिली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण असे, की गाडी देशातच घडावी. पण घडावी ती मोजकी, परवान्यापुरती. मागणी उदंड आणि माल तुटपुंजा! नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. किमतीवर सरकारचे नियंत्रण असे ते नव्या गाडीच्या. त्यामुळे एक चमत्कार घडला : वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग विकली जाऊ लागली! त्या काळी जुन्या गाडीची परीक्षा कोण करणार? मिळाली हेच भाग्य.

त्या टंचाईच्या काळात एका मराठी माणसाने सामान्यांच्या गाडीचे स्वप्न पाहिले, त्याची आठवण या दिवाळीत अवश्य काढावी. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःच्या बुद्धीने लहान गाडी घडवावयास घेतली. नमुन्यामागून नमुने झाले. 1970 च्या दशकातील त्यांची ‘मीरा’ सुमारे 12 हजार रुपयांत देता येईल, असा त्यांचा हिशेब होता. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी कौतुकाने पाहिली. पण कारखान्यातून काही ती बाहेर पडली नाही.

सामान्य माणसाच्या दाराशी गाडी आली ती पुढे. 14 डिसेंबर 1983 रोजी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. किंमत पन्नास हजारांच्या आत. 1998 च्या अखेरीस पुण्याहून टाटांची इंडिका आली. त्याच सुमारास ह्युंदाईची सँट्रो आणि पुढल्या वर्षी मारुतीची उंच पाठीची वॅगनआर. 2014 च्या जानेवारीत मारुती 800 चे उत्पादन थांबले, तोवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या घरोघरी गेल्या होत्या. टंचाई संपली, तेव्हा जुन्या गाडीची किंमत उतरली आणि परीक्षेची गरज चढली! पूर्वी गाडी मिळेल का, हा प्रश्न होता. आता ती खरी आहे का, हा.

हा धडा मी पुस्तकातून घेतला खरा, पण पचला नव्हता. नाशिकच्या एका व्यापाऱ्याकडे रुपेरी रंगाची एक गाडी पाहिली. लख्ख धुतलेली, आत अत्तराचा वास, आणि मीटरवर आकडा अवघा 38 हजार किलोमीटर. मी भुललो आणि पाच हजारांचा इसार देऊन आलो. दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी इंजिनकडे पाहिलेच नाही. खाली वाकून पायाकडचे ब्रेकचे पेडल दाखवले आणि म्हणाले, “गुरुजी, हे रबर बघा. पार झिजून लोखंड दिसतंय. अडतीस हजारांत असं झिजतं होय?” मग आसनाखालच्या कप्प्यातून दुरुस्तीची एक जुनी पावती निघाली. तिच्यावर तीन वर्षांपूर्वीचा आकडा होता 82 हजार! माझा इसार परत मिळाला नाही.

वर्गात मी मुलांना सांगत आलो, की एकट्या कागदावर विश्वासू नये; बखर एक सांगते, शिलालेख दुसरे; दोन्ही जुळले तरच इतिहास. स्वतःच्या खिशाला मात्र तो नियम लावायचा विसरलो. पुढच्या गाडीच्या वेळी विसरलो नाही.

ती निघाली दिंडोरीच्या एका निवृत्त गृहस्थांकडे. 2013 ची वॅगनआर, एकहाती वापरलेली, मीटरवर 1 लाख 4 हजार. आकडा ऐकून मन कचरले. पण गृहस्थांनी एक पिशवी पुढे ठेवली. तीत पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसच्या पावत्या तारीखवार लावलेल्या होत्या, आणि पेडल, सुकाणू, आसन यांची झीज त्या आकड्यांशी इमानाने जुळत होती. मिस्त्रींनी इंजिन थंड असतानाच चालू करावयास सांगितले. तापलेले इंजिन आपले दुखणे लपवते, असे ते म्हणाले. निळा धूर निघाला तर तेल जळते, काळा निघाला तर पेट्रोल वाया जाते, पांढरा निघतच राहिला तर पाणी आत शिरते. इथे तिन्ही नव्हते. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर नव्हता. पायाखालची चटई उचलून त्यांनी पत्र्याचा गंज पाहिला, टायरवरचे चार आकडे वाचून ते कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी घडले ते सांगितले, आणि चासीचा क्रमांक आर.सी. पुस्तकाशी ताडून पाहिला. शेवटची परीक्षा सावळ घाटात. चढणीवर इंजिनचा आवाज वाढला आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लच गेला म्हणावे. गाडी चढली.

कागदांची तितकीच निगा घेतली. कर्ज फिटले असून बँकेचा बोजा आर.सी.वरून उतरला आहे ना, विमा आणि पीयूसी चालू आहेत ना, हे पाहिले. नाव बदलण्याचे 29 आणि 30 क्रमांकांचे फॉर्म त्याच दिवशी सह्यांसह भरून घेतले. गाडी पंधरा वर्षांची झाली, की पुन्हा नोंदणी करावी लागते आणि 1 एप्रिल 2022 पासून त्या फीचा आकडा सहाशेवरून पाच हजारांवर गेला आहे. म्हणून फार म्हातारी गाडी स्वस्तात पडते, हा समज खरा नव्हे. सौदा 1 लाख 75 हजारांना ठरला. उरलेल्या वीस हजारांतून टायर आणि बॅटरी बदलली. खरेदीपलीकडे इतकी शिल्लक हाताशी ठेवावीच, हा मिस्त्रींचा सल्ला मी सर्वांना देतो.

कोणती गाडी निवडली याहून का निवडली, हे महत्त्वाचे. वॅगनआर उंच, आईला वाकावे लागत नाही, खुर्चीत बसावे तशी ती बसते. तिचे भागही सहज मिळतात.

या श्रावणात पुन्हा एकदा तशीच रात्र आली. तसाच पाऊस, तशीच कळ. कोणाच्या दाराशी न जाता मी किल्ली उचलली. कोटंबीच्या घाटात काच पुसता पुसता आई म्हणाली, “अरे, एवढी घाई कशाला करतोस? गाडी आपलीच आहे ना?”

नाशिकला वेळेत पोहोचलो. यंदा नरकचतुर्दशीला आम्ही पहिली पणती तुळशीपाशी लावणार आहोत आणि दुसरी गाडीच्या चाकाशी.