जुन्या जीपला डिस्क ब्रेक बसवले, तरी पेडल खाली का जातं?

1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या जीप आजही लोक हौसेने नव्याने बांधून घेतात. चॅसी जुनी, इंजिन दुसऱ्या गाडीचं, पुढचे डिस्क ब्रेक तिसऱ्याच गाडीचे. सगळे पार्ट कोरे असूनही ब्रेक नीट लागत नाहीत, कारण हे पार्ट एकमेकांसाठी बनलेलेच नसतात. म्हणून पार्ट बदलत सुटण्याआधी पेडल पायाला काय सांगतंय ते बघा.

पहिल्या दाबाला पेडल खाली, दुसऱ्याला वर

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच. आधी मागचे शू ॲडजस्ट करा; ते ड्रमपासून लांब असतील तर पहिला दाब ते अंतर भरण्यातच जातो. शू ठीक असतील तर मास्टर सिलिंडर कुठे आहे ते पाहा. या जीपमध्ये तो फ्लोअरच्या खाली, पेडलपाशी असतो. त्यामुळे गाडी उभी असताना कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल हळूहळू मागे टाकीकडे उतरू शकतं. मूळच्या ड्रमसाठीच्या व्यवस्थेत लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असायचा. डिस्कला एवढा दाब ठेवला तर पॅड घासत राहतात. तो काढूनच टाकला तर पेडल खाली जातं. डिस्कच्या लाइनवर 2 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लावणं हा यावरचा उपाय.

पेडल स्पंजसारखं लागतं

लाइनमध्ये हवा आहे. ब्लीडिंग दोनदा करूनही हवा निघत नसेल, तर कॅलिपरचं निपल बघा. ते वरच्या बाजूलाच हवं. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला की निपल खाली येतं आणि वरची हवा कधीच निघत नाही. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण यात दिवस वाया जातात.

पाय दाबून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय.

पेडल दगडासारखं, गाडी मात्र थांबत नाही

ड्रममध्ये चाक फिरताना शू स्वतःच आणखी आत ओढला जातो. डिस्कमध्ये तसं होत नाही, त्यामुळे पायाचा जोर जास्त लागतो. त्यात पाऊण इंची मास्टरच्या जागी एक इंची बसवला, तर तेवढ्याच जोराला दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. ‘मोठा म्हणजे चांगला’ हे इथे उलटं आहे.

बूस्टर लावलाय आणि इंजिन डिझेल आहे? डिझेल इंजिन बूस्टरला पुरेल एवढा व्हॅक्यूम तयार करत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. तपासणी सोपी आहे: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं, तर बूस्टर चालतोय.

ब्रेक सुटत नाही, चाक तापतं

मास्टरच्या पुशरॉडला थोडा प्ले हवाच. तो नसेल तर ऑइल परत यायचं छिद्र बंदच राहतं. गरम झाल्यावर ऑइल फुगतं, दाब वाढतो आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. एकच चाक धरत असेल तर ते जॅकवर घेऊन निपल सैल करा. चाक लगेच मोकळं झालं, तर दाब अडकलेला आहे. जुना होज पाइप बाहेरून धड दिसतो, पण आतून सुजून ऑइल परत जाऊ देत नाही. तरीही चाक जाम असेल, तर बिघाड कॅलिपरच्या पिस्टनमध्ये किंवा शूमध्ये शोधा.

‘ब्रेक ऑइल’ म्हणतो म्हणून त्यात साधं ऑइल ओतू नका. सगळी रबरं फुगतात. डॉट 3 किंवा 4 मध्ये सिलिकॉनचं डॉट 5 ही मिसळायचं नाही.

मूळच्या जीपमध्ये चारही चाकांना एकच लाइन असते. घाटात एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले, उरतो तो हँडब्रेक आणि गिअर. म्हणून जीप बांधतानाच पुढच्या-मागच्या लाइन वेगळ्या करणारा टँडम मास्टर सिलिंडर घ्या. खर्च वाचवायचा असेल तर तो रंगात वाचवा. काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने घ्या.