इंजिनाला पाणी पाजणारी विमानं

आमच्या धामणगाव बढेत मे महिन्यातही माठ गार का? झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं.

1944 मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर आलेल्या थंडरबोल्ट विमानांतही हीच युक्ती होती. पूर्ण जोर लावला की सिलेंडरमधलं मिश्रण इतकं तापायचं, की ठिणगीची ज्वाळा पोचायच्या आतच उरलेलं आपोआप भडकायचं. हेच नॉकिंग. पिस्टनला भोक पडलं, तर खाली शत्रूचं जंगल! म्हणून पाणी-मिथेनॉलचा फवारा. 2000 अश्वशक्तीचं इंजिन थोडा वेळ 2300 द्यायचं. पाणी जळत नाही हं, ते फक्त गार करतं. रील्स बघून बाईकच्या टाकीत ओतू नका.

1962 च्या ओल्डस्मोबिल जेटफायर कारमध्येही हा फवारा होता. मला गंमत वाटते ती इथं: लोक ती पाण्याची टाकी भरायलाच विसरायचे. दोन वर्षांत गाडी बंद.