विजेचा रेडिएटर पंखा : तापमान-स्विचची जोडणी

इंजिनातले पाणी ठरावीक तापमानाला पोचताच रेडिएटरचा विजेचा पंखा आपोआप सुरू व्हावा आणि पाणी निवल्यावर बंद व्हावा, यासाठी मोटारीत केलेले वायरिंग. त्याचे मुख्य घटक चार : तापमान-स्विच, रिले, फ्यूज आणि पंख्याची मोटर.

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत पंखा पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर बसवलेला असे आणि पट्ट्याच्या जोरावर इंजिनच तो फिरवी. त्यामुळे सिग्नलला गाडी थांबली, म्हणजे नेमकी वाऱ्याची गरज असताना, पंखा मंद पडे. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा पुरेसा असताना तो विनाकारण इंजिनाची शक्ती खाई. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे होते. आडव्या इंजिनाचा दांडा रेडिएटरकडे तोंड करून नसतो, म्हणून अशा गाड्यांत विजेचा पंखा ही सोय न राहता गरज बनली. जुन्या गाड्या जपणारे अनेक जणही आता पट्ट्याचा पंखा काढून विजेचा बसवतात. या नोंदीतील जोडणी मुख्यतः त्यांच्या उपयोगाची आहे.

तापमान-स्विच म्हणजे आट्यांचे पितळी बूच. त्याच्या आत दोन धातूंची चकती असते. ती तापली की एका विशिष्ट तापमानाला झटकन उलटते आणि संपर्क जुळतो. चालू होण्याचे आणि बंद होण्याचे तापमान वेगवेगळे असते, उदाहरणार्थ ९२ अंश सेल्सिअसला चालू आणि ८७ ला बंद. अनेक स्विचांवर हे दोन्ही आकडे कोरलेले असतात. हे अंतर नसते तर पंखा क्षणाक्षणाला चालू-बंद होत राहिला असता आणि रिलेचे पॉइंट जळाले असते.

कोणत्या अंशाचा स्विच घ्यायचा, हे तो कुठे बसवायचा यावर ठरते, आणि बहुतेक जोडण्या इथेच चुकतात. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडू लागते. स्विच थर्मोस्टॅटच्या घरात, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम प्रवाहात असेल, तर त्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या बराच वर हवा. नाहीतर पंखा थांबायचे नाव घेत नाही. रेडिएटरच्या खालच्या टाकीत पाणी आधीच निवलेले असते, तिथे कमी अंशाचा स्विच लागतो. ०.९ बार दाबाच्या कॅपखाली साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून ९५ अंशांना पंखा लागणे हा धोका नव्हे.

लहान गाडीचा पंखा ८ ते १० अँपिअर घेतो, मोठा २० च्याही वर जातो, आणि फिरायला लागण्याच्या क्षणी तर त्याच्या कित्येक पट. काही जुन्या युरोपीय गाड्यांत हा सगळा प्रवाह स्विचमधूनच जाई. त्यासाठी भक्कम संपर्काचे स्विच बनवले जात. साध्या स्विचवर हा भार टाकू नये. तो रिलेच्या संपर्कांनी पेलावा. रिलेच्या कॉइलला जेमतेम १५०-२०० मिलिअँपिअर लागतात; तेवढेच काम स्विचने करावे.

रिलेच्या टोकांवर जर्मन मानकाप्रमाणे अंक असतात. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड वायर फ्यूजमधून ३० क्रमांकाला येते आणि ८७ मधून पंख्याला जाते. ८६ ला इग्निशननंतरचा पुरवठा जोडतात. ८५ ची वायर स्विचकडे जाते आणि स्विच ती अर्थ करतो, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडतो. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरला कसलेच संरक्षण नसते. वायरच्या जाडीत काटकसर करू नये : २० अँपिअरला एकूण ३ मीटर वाटेत १ चौरस मिमी तांबे सुमारे १ व्होल्ट खाते, ४ चौरस मिमी केवळ पाव व्होल्ट.

स्विच अर्थच्या बाजूलाच ठेवण्यामागे मोठा शहाणपणा आहे. इंजिनाजवळची वायर घासून बॉडीला लागली, तर पंखा नुसता चालू राहतो. तीच वायर धन बाजूची असती तर फ्यूज उडाला असता आणि घाटात पंखा मुका झाला असता. एका टोकाचा स्विच आट्यांमधूनच अर्थ घेतो. त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढे चढवले तर तो अर्थच तुटू शकतो.

पंखा लागत नसेल तर इग्निशन चालू ठेवून स्विचवरची वायर काढावी आणि अर्थला टेकवावी. स्विच दोन टोकांचा असेल तर दोन्ही वायरी एकमेकींना जोडाव्यात. पंखा फिरला तर रिले, फ्यूज आणि मोटर ठीक आहेत, संशय स्विचवर. मात्र थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर रेडिएटर थंडच राहतो आणि त्यातला निर्दोष स्विचही गप्प बसतो. स्विच काढून गरम पाण्यात तपासता येतो, पण सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तिथे ९५ चा स्विच या परीक्षेत विनाकारण नापास होऊ शकतो.

पंखा लागत नसल्यास गॅरेजात सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे पंखा ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे चावी फिरवताच कायम चालू ठेवणे. घरी पोचण्यापुरते ते योग्य; कायमचे केल्यास मोटरचे ब्रश लवकर झिजतात, आणि मूळ दोष झाकला जातो.

नव्या गाड्यांत स्विचची जागा तापमान-सेन्सरने घेतली आहे आणि रिलेला अर्थ देण्याचे काम संगणक करतो. सेन्सरची वायर तुटली तर बहुतेक संगणक पंखा सरळ चालू करतात. साध्या स्विचला ही समज नाही. पाणी गळून पातळी त्याच्या खाली गेली की तो पाण्याऐवजी वाफेत उरतो, आणि इंजिन भाजून निघत असताना पंखा लागेलच याची खात्री राहत नाही. त्या वेळी चालकाच्या हाती डॅशबोर्डवरचा काटा असतो, आणि तोही त्याच पाण्यात बुडालेल्या सेन्सरवर चालतो. म्हणून इंजिन गार असताना रेडिएटरमधली पाण्याची पातळी पाहणे हा या जोडणीच्या देखभालीचाच भाग धरावा.