‘जुनी’ पेन्शन किती जुनी? ठाणे-कल्याणच्या स्टाफरूममधला एक हिशोब

‘संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून तू शिक्षकांच्या पगाराचा इतिहास काय खणतेस?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. उत्तर सोपं आहे. माझ्या पीएच.डी.चा विषय शिक्षकांच्या सेवाशर्ती हा आहे, आणि त्यात तारखा आणि टक्केवारी यांच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काहीच नाही. एका तारखेने शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन माणसांचं म्हातारपण वेगळं होतं. आजची पोस्ट अशाच एका तारखेबद्दल आहे: १ नोव्हेंबर २००५.

मार्च २०२३ चा संप तुम्हाला आठवत असेल. १४ मार्चला सुरू झाला, २० मार्चला मागे घेतला गेला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा तेव्हा ठाण्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळीकडे ऐकू येत होती. यातला ‘जुनी’ हा शब्द ऐकला की वाटतं, ही पेन्शन इंग्रजांच्या काळापासून सगळ्या मास्तरांना मिळत आली असणार. सरकारी नोकरांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या बहुतेक माध्यमिक शाळा सरकारी नाहीत. कुठल्यातरी शिक्षण मंडळाने, संस्थेने काढलेल्या आणि नंतर अनुदानावर आलेल्या त्या खासगी शाळा आहेत. या शाळांतल्या शिक्षकांना पेन्शन मिळाली ती ४ नोव्हेंबर १९६८ च्या शासन निर्णयाने, आणि तीही १ एप्रिल १९६६ नंतर निवृत्त होणाऱ्यांना. त्याआधी काय होतं? भविष्य निर्वाह निधी. शिक्षकाच्या पगारातून थोडी वजावट, त्यात वरून थोडी भर, आणि निवृत्तीच्या दिवशी एकरकमी पैसे. ते संपले की संपले.

म्हणजे आजच्या आंदोलनातली ‘जुनी’ पेन्शन खासगी शाळेतल्या शिक्षकाच्या बाबतीत जेमतेम चाळीस वर्षं जगली. आणि २००५ मध्ये जी ‘नवी’ योजना आली, तिचा साचा १९६६ च्या आधीचाच आहे: थोडं तुमचं, थोडं आमचं, पुढे बाजार ठरवील ते. मला तरी ही सुधारणा कमी आणि परतीचा प्रवास जास्त वाटतो.

मधल्या काळात शिक्षक संघटनांचं मुख्य हत्यार होतं बरोबरीचं. सरकारी कर्मचाऱ्याला जे मिळतं ते आम्हालाही द्या, एवढीच मागणी. सरकारी कर्मचारी तेव्हा केंद्राकडे बोट दाखवत होते. डिसेंबर १९७७ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी जो संप केला तो ५४ दिवस चालला, आणि त्याच्या मुळाशी केंद्राइतक्या महागाई भत्त्याची मागणी होती. पुढे १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात स्पष्ट सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो केलेल्या सेवेचा हक्क आहे. (त्या घटनापीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड होते. हा दिवस अजूनही ‘पेन्शनर्स डे’ म्हणून पाळतात.) या सगळ्या काळात शिडी वर चढत होती. केंद्र, मग राज्य, मग जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळा.

गंमत अशी की तीच शिडी खाली उतरायलाही कामाला आली. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीसाठी जुनी पेन्शन बंद केली. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २००५ ला शासन निर्णय काढला आणि दुसऱ्या दिवसापासून नोकरीत येणाऱ्यांना ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली डीसीपीएस, लागू केली. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १० टक्के कर्मचाऱ्याचे, तेवढेच सरकारचे. पुढे ही योजना एनपीएसमध्ये गेली आणि २०१९ मध्ये सरकारचा वाटा १४ टक्के झाला.

आता माझ्या संशोधनातला खरा प्रश्न. २००५ मध्ये एवढी मोठी कपात झाली, तर तेव्हाच संप का नाही झाला?

कारण ज्यांची कपात झाली ते त्या वेळी स्टाफरूममध्ये नव्हतेच. कोणी बारावीला होतं, कोणी डी.एड.च्या रांगेत. जे खुर्चीत होते त्यांचं एक रुपयाचंही नुकसान झालं नाही. संघटनेचे पदाधिकारी, वर्गणी भरणारे, मोर्च्याला जाणारे सगळे जुन्या पेन्शनवाले. आणि जे नवीन येत होते ते तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ म्हणून येत होते. प्राथमिकला महिना ३,००० रुपये, माध्यमिकला ४,००० रुपये मानधन. नोकरी पक्की व्हायची असताना साठाव्या वर्षाची चिंता करायला कोणाला सुचणार? मी याला संघटनांचा विश्वासघात वगैरे म्हणणार नाही. पण त्यांनी तेव्हा गप्प बसणं परवडेल असं मानलं, हे नोंदवायलाच हवं.

हे तपासायला मी एक अगदी ढोबळ गणित मांडलं. समजा, शिक्षक पंचविसाव्या वर्षी लागतो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. नोकरी ३३ वर्षांची. दर वर्षी सारखेच लोक निवृत्त होतात आणि तेवढेच भरले जातात असं धरलं, तर दर वर्षी सुमारे ३ टक्के जुने जाऊन ३ टक्के नवे येतात. निम्मा स्टाफरूम नव्या योजनेतला व्हायला साडेसोळा वर्षं लागतात. २००५ मध्ये साडेसोळा मिळवा: २०२२. संप झाला मार्च २०२३ मध्ये.

लगेच टाळ्या वाजवू नका. खरी भरती अशी सरळ रेषेत झालेली नाही. २ मे २०१२ नंतर राज्यात शिक्षक भरतीवर बंदी होती, ती पवित्र पोर्टल येईपर्यंत जवळजवळ तशीच राहिली. त्यामुळे निम्म्याचा टप्पा खरं तर आणखी पुढे सरकायला हवा. म्हणून हे गणित संपाचं कारण सांगत नाही. मात्र एवढं नक्की सांगतं की २०१० मध्ये जे आंदोलन अल्पसंख्याकांचं होतं ते २०२० नंतर तसं राहिलं नव्हतं. संघटनेला वर्गणी भरणारा माणूस बदलला की संघटनेची मागणी बदलते.

ठाणे जिल्ह्यात यात एक गुंता जास्तीचा आहे. कल्याण स्टेशनवरून सकाळी निघणारे शिक्षक घ्या. एक जण मुरबाड किंवा शहापूरच्या जिल्हा परिषद शाळेत जातो, दुसरा महापालिकेच्या शाळेत, तिसरा अनुदानित संस्थेत, चौथा विनाअनुदानित तुकडीवर. चौघांच्या पगाराच्या वाटा वेगळ्या, चौघांच्या संघटना वेगळ्या. समिती, संघ, परिषद, सेना, भारती, टीडीएफ... नावं सांगायला बसलं तर पोस्ट इथेच संपेल. १९७० च्या दशकात ही विभागणी मालक कोण यावरून होती. २००५ नंतर तिच्यावर आडवी रेघ पडली: आधीचे आणि नंतरचे. ‘महाराष्ट्र राज्य जुनी पेन्शन संघटना’ ही या आडव्या रेघेवर उभी राहिली. तिथे जिल्हा परिषदेचा गुरुजी, तलाठी आणि आरोग्यसेवक एकत्र आले, कारण तिघांची जोडणारी गोष्ट खातं नव्हे, तारीख होती. ज्येष्ठ संघटनांनी मग ही मागणी आपली केली.

पण आडवी रेघही सरळ नाही. अनुदानित शाळांच्या बाबतीत २९ नोव्हेंबर २०१० च्या शासन निर्णयाने ठरलं की नेमणुकीची तारीख पुरेशी नाही, १ नोव्हेंबर २००५ च्या आधी तुम्ही १०० टक्के अनुदानावर असायला हवं. याचा अर्थ नीट समजून घ्या. कल्याणच्या एका शाळेत जून २००३ मध्ये दोघी लागल्या असं समजू. एक मराठी शिकवणारी, अनुदानित तुकडीवर. दुसरी विज्ञान शिकवणारी, विनाअनुदानित तुकडीवर. दुसरीच्या तुकडीला टप्प्याटप्प्याने अनुदान येत २००७ मध्ये १०० टक्के झालं. पहिलीला जुनी पेन्शन, दुसरीला डीसीपीएस. म्हणजे जिने चार वर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवलं, तिलाच त्या चार वर्षांबद्दल म्हातारपणी पुन्हा दंड. मी आजवर वाचलेल्या सेवाशर्तींत याच्याइतकी उलटी तरतूद मला दिसलेली नाही.

फरक किती पडतो? आकडे मी धरलेले आहेत, प्रत्यक्षात कमीजास्त होतील. निवृत्तीच्या वेळी दोघींचा मूळ पगार ७०,००० रुपये. पहिलीला निम्मा, म्हणजे ३५,००० रुपये, शिवाय त्यावर दर वेळी वाढणारा महागाई भत्ता. दुसरीच्या खात्यात अगदी उदारपणे ५० लाख जमले असं धरू. त्यातले किमान ४० टक्के, म्हणजे २० लाख, वार्षिकी विकत घ्यायला द्यावे लागतात. ६ टक्क्यांनी वर्षाला १,२०,००० रुपये, महिन्याला १०,०००. उरलेले ३० लाख हातात येतात हे खरं. सगळेच्या सगळे ५० लाख वार्षिकीत घातले तरी महिन्याला २५,००० होतात, आणि महागाई भत्ता शून्य. नव्वदी गाठली तर ही दरी कुठे जाईल ते तुम्हीच मांडून बघा.

आणि हे ५० लाख जमले असं धरलं तर! अनेक जिल्हा परिषदांत वर्षानुवर्षं डीसीपीएसच्या हिशोबाच्या चिठ्ठ्याच मिळत नव्हत्या. म्हणून एनपीएसचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा शिक्षकांनी ‘आधी आमच्या कापलेल्या पैशांचा हिशोब द्या’ म्हणून फॉर्म अडवले. बाहेरून हा हट्ट वाटतो. आतून तो साधा बँकेच्या पासबुकाचा प्रश्न होता.

सरकारची बाजूही मांडायला हवी. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन दिल्यास १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल असं सांगितलं होतं. बोजा खोटा नाही. पण तो केव्हा पडणार? २००५ मध्ये पंचविशीत लागलेला माणूस २०३८ मध्ये निवृत्त होईल. मोठं बिल तेव्हा येणार, आणि आज जुनी पेन्शन जाहीर करणाऱ्या सरकारचे १४ टक्के उलट वाचणार. राजस्थान, छत्तीसगड, हिमाचल यांनी धडाधड निर्णय घेतले त्यामागे हेही गणित आहे. २००५ मध्ये कपात भविष्यातल्या शिक्षकांवर ढकलली गेली, आता खर्च भविष्यातल्या करदात्यांवर ढकलला जाऊ शकतो. दोन्ही वेळा सही करणाऱ्याला काही मोजावं लागत नाही.

निवडणुकीतही हा मुद्दा सरळ चालला नाही. जानेवारी २०२३ च्या शिक्षक मतदारसंघ निवडणुकीत नागपुरात भाजप समर्थित नागो गाणार पडले, तेव्हा सगळ्यांनी कारण सांगितलं पेन्शन. त्याच निवडणुकीत कोकण शिक्षक मतदारसंघात, जिथे ठाणे जिल्ह्याचं वजन मोठं आहे, भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे शेकापचे विद्यमान आमदार बाळाराम पाटील यांना हरवून निवडून आले. शिक्षक तेच, प्रश्न तोच, निकाल उलटे. संघटनेत माणूस पेन्शनर असतो, मतदानाला जाताना तो आणखीही बराच कोणी असतो.

दीड महिन्याने संप झाला तो दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असताना. परीक्षा थांबल्या नाहीत, पण उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडून राहिले. लोकांची सहानुभूती फारशी नव्हती. ‘आम्ही निम्म्या पगारात काम करायला तयार आहोत’ म्हणणारे बेरोजगार तरुण सोशल मीडियावर भरपूर दिसले, आणि मला त्यांचा रागही येत नाही. २०१२ नंतर भरतीच बंद ठेवली तर दुसरं काय होणार? प्राथमिक शिक्षकांच्या एका गटाने सुरुवातीलाच अंग काढून घेतलं. सातव्या दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, म्हणजे ठाण्याचेच, यांच्याशी चर्चा करून समन्वय समितीचे निमंत्रक विश्वास काटकर यांनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. हातात आली ती तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती. ती संपाच्या पहिल्याच दिवशी नेमलेली होती, त्यामुळे अनेक जण चिडले.

तरीही संपातून काहीच निघालं नाही असं म्हणणं चूक ठरेल. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसमधला कर्मचारी सेवेत असताना गेला तर त्याच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय मिळाला. त्याआधी २०१८ पासून दहा वर्षांच्या आत गेलेल्याच्या घरच्यांना १० लाखांचं सानुग्रह अनुदान, एवढंच होतं. २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने, ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली पण नेमणूक नंतर झाली त्या सुमारे २६,००० जणांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ‘यूपीएस’ जाहीर केल्यावर दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. तिच्यात २५ वर्षांच्या सेवेला शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के हमी आहे, महागाई वाढही आहे, पण १० टक्के वजावट चालूच राहते.

जाहिरातीच्या तारखेवरचा निर्णय वाचल्यावर मी कल्याणच्या त्या दोघींकडे परत गेले, म्हणजे कागदावर. विज्ञान शिकवणारीची जाहिरातही २००५ च्या आधीची, मुलाखतही, नेमणूकही, हजेरीपटावरची सहीही. तिची अडचण जाहिरातीची कधीच नव्हती. तिची तारीख तुकडीला अनुदान कधी आलं यावर ठरते, आणि ते तिच्या हातात नव्हतं. तिच्या पगारपत्रकावर १० टक्क्यांची ओळ या महिन्यातही आहे.